वाचकांचे प्रश्न : मालकीचा हक्क आणि उपाशी माणसाचा हक्क

युरोपातील ज्ञानोदयाच्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांतील बुद्धिवादी विचारजागृतीच्या, काळावरील लेखमाला सुरू झाल्यापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे येत आहेत. त्यांतील बहुतेक पत्रे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात : जमीन, धान्य आणि पैसा यांवरची खासगी मालकी हा जर माणसाचा नैसर्गिक हक्क असेल, तर ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याला समाजाकडे काय मागता येते? काही पत्रे संक्षिप्त करून, पत्रलेखकांची नावे न देता, येथे घेतली आहेत.

प्रश्न (अमळनेर, निवृत्त शिक्षक) : जॉन लॉकने खासगी मालमत्ता पवित्र ठरवली आणि तेव्हापासून तत्त्वज्ञान धनवंतांच्या दारी जाऊन बसले, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. हे कितपत बरोबर आहे?

सतराव्या शतकातील या इंग्रज तत्त्वज्ञाचे, लॉकचे, लिखाण मुळातून पाहिले, तर हे विधान आहे तसे ठेवता येत नाही. शासनसंस्थेवरील त्याचे दोन प्रबंध १६८९ मध्ये छापून निघाले. दुसऱ्या प्रबंधाचे पाचवे प्रकरण मालमत्तेवर आहे आणि ते सुरू होते तेच मुळी पृथ्वी देवाने सर्व माणसांना मिळून दिलेली आहे या गृहीतापासून. मग एकट्याची मालकी येते कोठून? माणसाचे शरीर त्याचे स्वतःचे, म्हणून त्याच्या हातांचे श्रमही त्याचेच, आणि सामाईक साठ्यातील ज्या वस्तूत तो आपले श्रम मिसळतो ती वस्तू त्याची, असे लॉकचे उत्तर आहे. या हक्काला त्याने दोन मर्यादा घातल्या होत्या. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, आणि जे घेतले ते नासून वाया जाता कामा नये. पुढे मात्र तो पैशाकडे वळतो. सोने-चांदी नासत नाही, आणि माणसांनी पैशाचा वापर मान्य केला तेव्हाच कमी-अधिक मालकीही मूकपणे मान्य केली, असे सांगून तो दुसरी मर्यादा जवळजवळ निकामी करून टाकतो. त्याच्या युक्तिवादातील सर्वांत कच्चा दुवा मला हाच वाटतो, कारण ज्याच्या हाती नाणे कधी आलेच नाही त्याची संमती केव्हा आणि कशी घेतली गेली, याचा खुलासा त्या प्रकरणात नाही.

त्याच प्रकरणातले एक वाक्य खान्देशातील वाचकाने थांबून वाचावे असे आहे. माझ्या घोड्याने खाल्लेले गवत, माझ्या नोकराने कापून काढलेली गवताळ माती आणि मी स्वतः खणलेले खनिज ही कोणाच्याही परवानगीवाचून माझी मालमत्ता होते, असे लॉक लिहितो. श्रमातून मालकी निर्माण होत असेल, तर नोकराने कापलेले नोकराचे व्हायला हवे. पण ते मालकाचे होते, कारण ते श्रम मालकाने आधीच विकत घेतलेले आहेत. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुराचे, साल ठरते, वर्षाचा आकडा ठरतो, काही रक्कम उचल म्हणून दिली जाते, आणि पुढचे वर्षभर नांगरटीपासून रात्रीच्या पाणी भरण्यापर्यंत तो ज्या शेतात राबतो त्या शेताच्या सातबाऱ्यावर त्याच्या श्रमाची नोंद कोठेही नसते. लॉकच्या सिद्धांतातून एवढ्या मोठ्या संख्येने माणसे बाहेर कशी राहिली, हे समजून घ्यायचे असेल तर हा एक व्यवहार पुरेसा आहे.

तरीही लॉकला धनवंतांचा वकील ठरवण्यापूर्वी त्याचा पहिला प्रबंध वाचायला हवा. तेथे तो म्हणतो, की न्याय जसा प्रत्येकाला प्रामाणिक कष्टांच्या फळावर हक्क देतो, तसा दयाधर्म गरजवंताला दुसऱ्याच्या अधिकच्या साठ्यातून, जगण्याचे दुसरे साधन नसेल तेव्हा, जीव जगवण्यापुरते मिळण्याचा हक्क देतो. येथे दयाधर्माचा विषय चालू असतानाही शब्द 'हक्क' हाच वापरलेला आहे. लगेच पुढे तो असेही म्हणतो, की दुसऱ्याच्या नडीचा फायदा घेऊन त्याला आपला अंकित करून घेणे आणि गळ्याला सुरी लावून मरण किंवा गुलामी यांपैकी एक निवडायला सांगणे, यांत काही फरक नाही. उचल फिटत नाही म्हणून वर्षामागून वर्षे एकाच मालकाकडे अडकून पडलेल्या माणसाविषयी याहून कडक भाषा त्या शतकात क्वचितच कोणी वापरली असेल.

पण हाच लॉक १६९७ मध्ये इंग्लंडच्या व्यापार मंडळाचा सदस्य म्हणून गरिबांविषयीच्या कायद्यावर अहवाल लिहितो, तेव्हा तीन वर्षांवरील गरीब मुलांना प्रत्येक पॅरिशमधील (चर्चच्या हद्दीनुसार पाडलेल्या स्थानिक विभागातील) 'कामाच्या शाळेत' घालावे, त्यांना पोटभर पाव आणि कडक थंडीत हवी तर थोडी गरम पातळ पेज द्यावी, आणि गावाबाहेर भीक मागताना सापडलेल्या मुलांना चाबकाने मारून परत पाठवावे, अशी शिफारस करतो. आपण विद्यार्थ्यांना लॉक शिकवताना ही तिन्ही ठिकाणे शेजारी शेजारी ठेवावीत, असे मला मनापासून वाटते. हक्क तत्त्वतः मान्य करायचा आणि तो मागणाऱ्याला मात्र आळशी समजून वागवायचे, ही वृत्ती लॉकबरोबर संपलेली नाही.

प्रश्न (भुसावळ, महाविद्यालयीन विद्यार्थी) : रूसोने मालमत्ता नष्ट करावी असे म्हटले होते का?

नाही. रूसो हा अठराव्या शतकातील फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत. १७५५ च्या विषमतेवरील निबंधात, जमिनीच्या तुकड्याला कुंपण घालून 'हे माझे' असे म्हणणारा आणि त्यावर विश्वास ठेवणारी भोळी माणसे ज्याला मिळाली असा पहिला माणूस नागरी समाजाचा खरा संस्थापक होता, असे तो म्हणतो आणि त्या कुंपणातून निघालेल्या युद्धांची व हत्यांची यादी देतो. पण त्याच वर्षी दिदरोने संपादित केलेल्या फ्रेंच विश्वकोशासाठी लिहिलेल्या राजकीय अर्थव्यवस्थेवरील लेखात तो मालमत्तेच्या हक्काला नागरिकाच्या सर्व हक्कांत पवित्र म्हणतो. या दोहोंचा मेळ १७६२ च्या 'सामाजिक करारा'त लागतो : कोणीही इतका श्रीमंत नसावा की तो दुसऱ्याला विकत घेऊ शकेल, आणि कोणीही इतका गरीब नसावा की त्याला स्वतःला विकावे लागेल. त्याला मालकी मर्यादेत हवी होती.

प्रश्न (साक्री तालुका, कांदा उत्पादक) : डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून आमच्या मालाचा भाव पाडायचा, हे कोणत्या न्यायात बसते? खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता ॲडम स्मिथ यावर काय म्हणाला असता?

स्मिथने हे लिहूनच ठेवले आहे, त्यामुळे अंदाज बांधण्याची गरज नाही. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'राष्ट्रांची संपत्ती' या ग्रंथात धान्याच्या व्यापारावर एक दीर्घ विवेचन आहे. शेतकऱ्याला आपला माल सर्वांत चांगल्या बाजारात पाठवू न देणे म्हणजे सार्वजनिक उपयुक्ततेच्या कल्पनेपायी न्यायाच्या साध्या नियमांचा बळी देणे होय, आणि असा अधिकार केवळ अत्यंत निकडीच्या प्रसंगीच वापरला जावा, तेव्हाच तो क्षम्य ठरेल, असे तो तेथे म्हणतो. हे वाक्य आपल्या बाजूचे आहे. पण त्यातील शेवटची अट सोडून ते उद्धृत करता येणार नाही, कारण अशी निकड येऊ शकते हे स्मिथलाही मान्य होते.

त्याच विवेचनात बंगालचा उल्लेख आहे. १७७० च्या आसपास बंगालमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याबद्दल स्मिथ लिहितो, की अवर्षणामुळे मोठी टंचाई कदाचित आलीच असती, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या अविचारी निर्बंधांनी त्या टंचाईचे दुष्काळात रूपांतर व्हायला बहुधा हातभार लावला. खुल्या व्यापाराचा त्याचा आग्रह गरिबांविषयीच्या बेफिकिरीतून आलेला नव्हता. ज्या समाजातील बहुसंख्य माणसे दरिद्री आणि दुःखी आहेत तो समाज भरभराटीला आला असे म्हणताच येत नाही, हे त्याच ग्रंथातील वाक्य आहे. व्यापार मोकळा राहिला तर धान्य मुबलक असलेल्या भागातून टंचाईच्या भागाकडे आपोआप जाईल आणि अखेरीस गरिबालाच फायदा होईल, असा त्याचा विश्वास होता.

या विश्वासाची परीक्षा ग्रंथ छापला जाण्याच्या आधीच फ्रान्समध्ये होऊन गेली होती. तुर्गो हा अर्थविचारक १७७४ मध्ये राजाचा अर्थमंत्री झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याने देशांतर्गत धान्यव्यापारावरची बंधने उठवली. नेमके त्या वर्षी पीक कमी आले. १७७५ च्या वसंतात भाव चढले, आणि एप्रिलच्या अखेरीस पॅरिसच्या उत्तरेकडील बोमाँच्या बाजारातून दंगे सुरू झाले. आठवडाभरात ते व्हर्सायपर्यंत आणि पॅरिसपर्यंत पोहोचले. या दंग्यांची एक बाजू ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुष्कळ ठिकाणी जमावाने, ज्यात बायका मोठ्या संख्येने होत्या, धान्याची पोती फोडली. पण धान्य फुकट नेले नाही. स्वतःला रास्त वाटणारा भाव ठरवून तेवढे पैसे व्यापाऱ्याच्या हातावर ठेवले आणि मग धान्य उचलले. मालकी त्यांनी नाकारली नव्हती, भाव नाकारला होता. सरकारने सैन्य उतरवले, आणि मे महिन्यात पॅरिसमध्ये दोघांना भर चौकात फाशी दिले : एक केसांचे टोप करणारा कारागीर होता, दुसरा तलम कापडाच्या धंद्यातला तरुण कामगार. पुढच्या वर्षी तुर्गोचे मंत्रिपदही गेले.

एवढ्यावरून तुर्गोला निर्दय ठरवणे अन्यायाचे होईल. मंत्री होण्याआधी तो लिमोझाँ या गरीब प्रांताचा कारभारी होता. १७७० च्या सुमारास तेथे दुष्काळ पडला, तेव्हा त्याने रस्त्यांची कामे काढून अडलेल्यांना मजुरी दिली, आणि जमीनमालकांनी आपल्या बटाईदारांना पुढच्या पिकापर्यंत पोसलेच पाहिजे, असा हुकूम काढला. व्यापार मोकळा ठेवायचा आणि गरिबाला जगवण्याचा खर्च मालकांनी व तिजोरीने उचलायचा, अशी त्याची मांडणी होती. मंत्री झाल्यावर पहिला भाग वेगाने अमलात आला, दुसरा त्या प्रमाणात आला नाही.

तुर्गोच्या विचाराला सर्वांत भेदक उत्तर दिले ते नेपल्सच्या गालियानी या धर्मगुरूने. १७७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या धान्यव्यापारावरील संवादांत तो म्हणतो, की दूरच्या काळात बाजार समतोल साधतो हे खरे असेल; पण समतोल यायला वेळ लागतो आणि उपाशी पोट तेवढा वेळ थांबत नाही. शेतातले पीक म्हणून पाहिले तर धान्य हा व्यापाराचा विषय आहे, आणि जीव जगवणारी गरज म्हणून पाहिले तर तो राज्यकारभाराचा विषय आहे, असे त्याचे म्हणणे होते.

आता आपल्या कांद्याकडे येऊ. गालियानीचा युक्तिवाद ज्वारी, बाजरी, गहू यांना पूर्णपणे लागू पडतो. १९७२ च्या दुष्काळात धान्याच्या बाबतीत सरकारने हात आखडता घेतला असता तर तो गुन्हाच ठरला असता. कांद्याचे तसे नाही. कांदा महागला म्हणून घरातले गणित बिघडते, ते मी कमी लेखत नाही, पण त्याने कोणी मरत नाही. म्हणून स्मिथने घातलेली अत्यंत निकडीची अट येथे पुरी होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त द्यायचा असेल, तर सरकारने तो बाजारभावाने शेतकऱ्याकडून घ्यावा आणि तोटा सोसून विकावा. म्हणजे तो भार सगळ्या करदात्यांवर विभागला जाईल. निर्यात रोखून तो भार एकट्या उत्पादकावर टाकणे म्हणजे ज्याची काळजी वाहायची त्याच्यापेक्षा फारसा सुस्थितीत नसलेल्या दुसऱ्या माणसाच्या खिशातून दान करणे होय. मात्र याच न्यायाने, आपल्या शेतात रोपे लावणाऱ्या मजूर बायांना रेशनवर मोफत धान्य मिळते त्याबद्दल 'त्यामुळे मजूर मिळत नाहीत' अशी तक्रार आपण करू नये. ते धान्य तिजोरीच्या खर्चाने दिले जाते, आणि तीच योग्य रीत आहे.

प्रश्न (धडगाव, शिक्षिका) : आमच्या सातपुड्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आली आहेत. श्रमातून मालकी हे तत्त्व इंग्रजांचेच, तर मग त्याच इंग्रजांच्या राज्यात ही माणसे अतिक्रमक कशी ठरली?

याचे बीज लॉकच्याच प्रकरणात आहे. अमेरिकेतील मूळ रहिवाशाने मारलेले हरीण त्याचे होते, हे लॉक मान्य करतो. परंतु जमिनीची मालकी नांगरण्या-पेरण्याने, कुंपण घालण्याने येते, आणि अमेरिकेतील विस्तीर्ण जमीन अजून पडीकच आहे, असे तो म्हणतो. तेथील मोठ्या मुलखाचा राजादेखील इंग्लंडातल्या रोजंदारी मजुरापेक्षा वाईट खातो-नेसतो, ही त्याची तुलना प्रसिद्ध आहे. लॉक स्वतः कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा सचिव राहिलेला होता, तेव्हा हा प्रश्न त्याच्यासाठी निव्वळ तात्त्विक नव्हता. शिकार, मोहफुले वेचणे, गुरे चारणे, जागा बदलत शेती करणे हे श्रमच नव्हेत असे एकदा ठरले, की जंगल आपोआप 'पडीक' ठरते आणि पडीक जमीन घ्यायला कोणाची संमती लागत नाही.

खान्देश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. पहिली काही वर्षे भिल्लांशी चकमकींत गेली. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली, आणि काही भिल्लांना जमीन व तगाई (शेतीसाठीचे सरकारी कर्ज) देऊन एका जागी शेतीवर बसवण्याचे प्रयत्न झाले. मैदानी भागात रयतवारीची मोजणी आली. जो सारा भरेल त्याचे नाव खाती लागू लागले. ही मोजणी साध्या शेतकऱ्यालाही सुखाची वाटली नव्हती, कारण साऱ्याचा बोजा वाढेल ही भीती होती. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या परिसरात मोजणीविरुद्ध मोठा उठाव झाला. पण मैदानातल्या शेतकऱ्याला निदान खाते मिळाले. डोंगरातली जमीन मात्र १८७८ च्या वन कायद्यानंतर मोठ्या प्रमाणावर राखीव जंगलात गेली आणि तेथे आधीपासून असलेला माणूस कागदोपत्री नंतर आलेला ठरला.

त्या काळातील सगळे विचारवंत या तर्काशी सहमत होते असे मात्र नाही, आणि हे आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगा. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ मध्ये स्पष्ट लिहिले, की शिकारीवर किंवा पशुपालनावर जगणाऱ्या लोकांच्या, म्हणजे ज्यांना जगायला मोठा मुलूख लागतो अशांच्या जवळ वस्ती करायची असेल, तर ती बळाने करता येणार नाही. ती करारानेच करता येईल, आणि तो करारही त्यांच्या अज्ञानाचा फायदा घेणारा असता कामा नये. फ्रेंच विश्वकोशाचा संपादक दिदरो यानेही वसाहतींवर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली होती. म्हणजे वेगळा विचार उपलब्ध होता. तो राज्यकर्त्यांनी घेतला नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक काही अंशी दुरुस्त करायला घेतली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरच्या मर्यादेत, आदिवासी कुटुंबाच्या नावे मान्य करता येते, आणि गावाचे सामूहिक हक्कही मान्य करता येतात. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो, वारसाहक्काने पुढे जातो, पण विकता येत नाही. जी विकता येत नाही ती कसली मालकी, असे काही जण विचारतात. नंदुरबार जिल्ह्यात सावकारी कर्जापायी आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या, आणि त्या परत मिळवून देण्यासाठी राज्याला १९७४ मध्ये स्वतंत्र कायदा कसा करावा लागला, हे ठाऊक असलेल्या माणसाला तो प्रश्न पडणार नाही. नडलेल्या माणसाची विक्री ही गळ्याला सुरी लावून घेतलेली संमती असू शकते, असे लॉकच सांगून गेला आहे.

प्रश्न (जामनेर, गृहिणी) : 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार रुपये घेणाऱ्या आम्हा बायांना उठताबसता 'फुकटे' म्हटले जाते. सरकारने असा पैसा देणे हा उपकार आहे की आमचा हक्क?

आपला प्रश्न १७९७ मध्ये टॉमस पेन याने जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. हा तोच पेन, ज्याचे 'मानवाचे हक्क' हे पुस्तक महात्मा फुले यांनी तरुणपणी वाचले आणि ज्याचा त्यांच्या विचारांवर खोल ठसा उमटला. जमिनीच्या न्यायावरील आपल्या पुस्तिकेत पेन म्हणतो, की जमीन तिच्या मूळ अवस्थेत सर्व मानवजातीची आहे. कसणाऱ्याने तिच्यात जी सुधारणा केली तेवढीच त्याची मालमत्ता. म्हणून प्रत्येक जमीनमालक समाजाला भूभाडे देणे लागतो. मालमत्ता वारसाकडे जाताना त्यातून एक हिस्सा घेऊन राष्ट्रीय निधी उभारावा, त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येक स्त्रीला आणि पुरुषाला एकदाच पंधरा पौंड, आणि पन्नाशीनंतर प्रत्येकाला दरसाल दहा पौंड द्यावेत, अशी त्याची योजना होती. हे पैसे गरीब-श्रीमंत सगळ्यांना द्यायचे होते, कारण ही भीक नसून हक्क आहे, उदारपणा नसून न्याय आहे, असे तो बजावतो.

तेव्हा आपल्याला फुकटे म्हणणाऱ्यांना पेनचे उत्तर असे, की ज्या जमिनीत, जंगलात आणि नदीत सर्वांचा वाटा होता ती काहींच्या नावे झाली, त्या बदल्यात बाकीच्यांचे काही देणे निघते. शेतात आणि घरात आपण करता त्या बिनपगारी कामाचा हिशेब तर त्याने धरलेलाही नव्हता.

पण आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मला तितक्या निःशंकपणे देता येत नाही. एखादी रक्कम हक्काची आहे की नाही, हे ती मिळते का यावरून ठरत नाही; ती मिळाली नाही तर मागता येते का, यावरून ठरते. आपल्याच राज्याचे उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर विस्तारत गेलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. त्यानुसार मजुराने काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यावे लागे, नाही तर बेकारी भत्ता. तो खर्च भागवण्यासाठी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. देणारा कोण, घेणारा कोण, आणि दिले नाही तर काय, हे तिन्ही कायद्यात लिहिलेले होते. खडी फोडायला आलेल्या बाईला तहसीलदारासमोर उभे राहून 'काम द्या' म्हणता येत होते. जी योजना शासन निर्णयाने सुरू होते आणि दुसऱ्या शासन निर्णयाने आटोपती घेता येते, तिच्यात हे बळ नसते. आपण पैसे घेताना संकोच मुळीच बाळगू नये. पण ते कायद्याने बांधलेले असावेत, ही मागणी मात्र जरूर करावी.

प्रश्न (पारोळा तालुका, ग्रामपंचायत सदस्य) : आमच्या गावाचे गायरान कोणाला ना कोणाला देऊन टाका, मालक नसलेली जमीन कोणीच सांभाळत नाही, असे गावातलेच लोक म्हणतात. सामाईक जमिनीविषयी त्या काळी काय चर्चा झाली?

इंग्लंडात ही चर्चा कागदावर राहिली नाही. अठराव्या शतकात तेथे संसदेने हजारो स्वतंत्र कायदे करून सामाईक कुरणे आणि पडीक जमिनी कुंपणात घालू दिल्या. आर्थर यंग हा शेतीतज्ज्ञ त्याचा मोठा पुरस्कर्ता होता, कारण कुंपण घातलेल्या जमिनीत उत्पन्न वाढते हे त्याने पाहिले होते. पण गावोगाव फिरून त्याने परिणामही पाहिले, आणि १८०१ मध्ये लिहिले, की अशा वीस कायद्यांपैकी एकोणिसांत गरिबांचे नुकसान झाले आहे. गरीब माणूस म्हणतो, संसदेने मालमत्तेची काळजी घेतली असेल, मला एवढेच कळते की माझ्याकडे एक गाय होती आणि संसदेच्या कायद्याने ती माझ्याकडून घेतली. हे शब्द यंगने नोंदवून ठेवले आहेत. कुरण गेले की गाय जाते, गाय गेली की दूध जाते आणि मजुरीवाचून जगण्याचा शेवटचा आधार जातो. गायरान म्हणजे ज्याच्याकडे बांधावरचाही चारा नाही त्याची शेळी, हे आपल्या गावालाही लागू आहे. ग्रामसभेची सामाईक जमीन बळकावणाऱ्यांना नियमित करून देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात बजावले आहे.

'मालक नसलेली जमीन कोणी सांभाळत नाही' हे विधान मात्र खान्देशात तरी कोणी करू नये. पांझरा आणि मोसम या नद्यांवरचे फड बंधारे, म्हणजे पाटाने एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या गटांना (फडांना) पाणी देणारे गावचे बंधारे, कित्येक पिढ्या चालले ते मालकीशिवाय नाही आणि केवळ मालकीवरही नाही. फडातली प्रत्येक पट्टी कोणाची तरी असते; बंधारा आणि पाट गावाचा असतो. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने द्यायचे, पिकाची राखण जागल्याने करायची, देखरेख हवालदाराने करायची, आणि त्यांचा मोबदला सर्वांनी मिळून द्यायचा, असे हे नियम आहेत. स्वतःच्या पट्टीत मनाला येईल ते पेरण्याचा हक्क तेथे शेतकऱ्याने सोडलेला असतो, आणि त्या बदल्यात त्याला पाण्याची खात्री मिळालेली असते.

आपल्या गावाच्या गायरानासाठीही आधी असे नियम करून पाहावेत : चराई केव्हा बंद, केव्हा खुली, बाहेरची गुरे घ्यायची की नाही, राखणदार कोण आणि त्याला काय द्यायचे. हे सारे ग्रामसभेत मांडताना ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना मुद्दाम बोलावून घ्यावे. सामाईक नियमांचे हे तत्त्व फडात पाण्याच्या टंचाईत कसोटीला लागते. नदीला पाणी कमी असले, की सगळ्यांना थोडे थोडे देऊन सगळीच पिके वाळवायची नाहीत; काही फड त्या वर्षी भिजवायचेच नाहीत, असे गाव आधीच ठरवते, आणि एका कुटुंबाच्या पट्ट्या वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे कोरड्या राहिलेल्या फडाचा तोटा एकाच घरावर पडत नाही.